लांकडी होडी वल्हविण्याचा आनंद

विद्यार्थ्यांनो, आपला करमाळा तालुका अवर्षणाविषयीं प्रसिद्ध. येथील शिक्षकानें होडीवर लेख लिहावा याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून कुगांव, केत्तूर, ढोकरी या आपल्याच गांवांच्या शिवारास अथांग पाणी येऊन भिडलें आहे. पलीकडील इंदापूर तालुक्यांत सडकेनें जावयाचें तर मोठा वळसा पडतो. नावेनें तेंच अंतर थोडकें होतें.

यंत्राच्या नावेंत बसणें निराळें आणि हातानें घडविलेली होडी स्वतः वल्हवीत नेणें निराळें. पहिल्यास मी प्रवासी म्हणेन, नावाडी म्हणणार नाहीं. कोंकणांत आंब्याचा जाड सोट वाकसानें आंतून कोरून एकसंध होडी करण्याची जुनी रीत आहे. बाजू जाड राहिल्या तर होडी जड होते, फार पातळ झाल्या तर तडकते. अशी अरुंद होडी सहज कलंडते. म्हणून दोन आडव्या दांड्यांनीं तिच्या एका अंगास हलका ओंडका बांधतात. त्यास उलांडी म्हणतात.

ही कला किती जुनी! हॉलंडांत पेसे गांवाजवळ १९५५ सालीं सडक बांधतांना सुमारें तीन मीटर लांबीची कोरीव होडी सांपडली; ती जवळजवळ दहा हजार वर्षांपूर्वींची ठरली. ही होडी नसून गुरांची कुंडी असावी, अशी शंका कांहींनीं घेतली. तेव्हां २००१ सालीं तिची हुबेहूब प्रतिकृति करून ती पाण्यांत वल्हवून दाखविण्यांत आली. वादाचा असा निकाल मला फार आवडतो.

वर्गांत शिकलेला आर्किमिडीजचा नियम येथें प्रत्यक्ष दिसतो. होडी व माणूस मिळून १२० किलो भरलीं, तर होडी १२० लिटर पाणी बाजूस सारते आणि तेवढीच बुडते. आणखी दोघे चढले कीं कांठ पाण्याजवळ येतो. उजवीकडे वल्हें मारलें कीं नाळ डावीकडे वळते. ती सरळ ठेवण्यासाठीं वल्हें मागें येतांच त्याचें पातें किंचित् बाहेर ढकलावें. तेंच सुकाणूचें काम करतें. जोर मनगटाचा नव्हे, पाठीचा लावावा. हें एकदां साधलें कीं श्रम नाहींसे होतात; वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज उरतो, आणि उथळ पाण्यांतले रोहित पक्षी दुरून निवांत पाहतां येतात.

परंतु पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ता. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं कुगांव व कळाशी यांच्या दरम्यान प्रवाशांची नाव एकाएकीं सुटलेल्या वादळांत उलटली आणि सहा जीव गेले. त्यांत लहान मुलेंहि होतीं. उन्हाळ्यांत आकाश काळवंडूं लागलें कीं होडी पाण्यांत लोटूंच नये. पोहतां येत असलें तरी लाइफ जॅकेट घालावें, उभें राहूं नये, माणसें मोजून घ्यावीं. आंब्याचें लांकूड पाण्याहून हलकें असल्यामुळें लांकडी होडी पाण्यानें भरली तरी तळाशीं जात नाहीं. म्हणून ती उलटल्यास किनाऱ्याकडे पोहत न सुटतां तिलाच घट्ट धरून राहावें.