नव्या शाळागृहाची आखणी : किल्लारीचा धडा

गावात शाळेची नवी इमारत मंजूर झाली की चर्चा सुरू होते ती खोल्या किती आणि निधी किती यांची. वस्तुतः इमारतीचे भवितव्य त्याआधी, जागा निवडतानाच, बहुतांशी ठरलेले असते. कोणालाही नको असलेला खोलगट तुकडा शाळेच्या वाट्याला येतो आणि त्याची किंमत पुढे प्रत्येक पावसाळ्यात मोजावी लागते.

काळ्या जमिनीच्या भागात तर जागेइतकाच पायाचा विचार महत्त्वाचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतल्यास भिंतींना तिरके तडे जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. म्हणून खोदाई काळ्या थराखालील टणक मुरुमापर्यंत न्यावी. थर फारच खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया घ्यावा. हे ठरविण्यासाठी नकाशा काढण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेणे आवश्यक असते. काटकसरीच्या नावाखाली नेमके हेच काम वगळले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

भिंती कशा असाव्यात, हे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांनी ३० सप्टेंबर १९९३ रोजी फार मोठी किंमत देऊन शिकविले. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः स्वतःच्या घरांखाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा प्रचंड भार, अशी ती घरे होती. भिंतीचे आतील व बाहेरील अंग एकमेकांशी बांधलेले नसल्याने धक्क्यासरशी दोन्ही अंगे सुटी होऊन कोसळली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. वेळ पहाटेची होती म्हणून वर्ग रिकामे होते, हेही विसरता येत नाही. त्या काळच्या भूकंप नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या विभागात गेला.

भारतीय मानक १३८२८ (१९९३) मधील सूचना यासंदर्भात गावच्या गवंड्यालाही समजतील अशा आहेत. दगडी भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. उंचीत दर ६० सेंटिमीटरवर व लांबीत दर १.२ मीटरवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड बसवावा. दारे-खिडक्या कोपऱ्यांना चिकटवू नयेत. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा. तो मध्येच तोडला तर त्याचा उपयोग उरत नाही. गवंडी, मुकादम आणि देखरेख करणारे शिक्षक या सर्वांनीच हे जाणून घ्यावयास हवे.

उजेड व वाऱ्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिण घेतल्या, तर दक्षिणेचे ऊन साध्या छज्जाने अडते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाला दाद देत नाही, म्हणून त्या बाजूची भिंत शक्यतो बंद ठेवावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांच्या वहीवर हाताची सावली पडू नये, यासाठी मुख्य उजेड डावीकडून यावा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि अडथळाविरहित प्रवेश आवश्यक ठरविला आहे. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार एका मापाच्या चढाला बारा मापे लांबी, इतका सौम्य असावा. जोत्याच्या उंचीबरोबर त्याची लांबी वाढते, म्हणून त्याची जागा नकाशातच राखावी लागते.

किल्लारीनंतर वसविलेल्या काही नव्या गावठाणांत रुंद रस्ते व सरळ रांगा आल्या, पण गुरे कोठे बांधावीत आणि शेतीची अवजारे कोठे ठेवावीत, हा प्रश्न रहिवाशांपुढे राहिला. शाळेच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून एक जुनी पद्धत उपयोगी पडते. नकाशा मंजुरीस पाठविण्यापूर्वी प्रत्यक्ष जागेवर फक्की मारून खोल्यांची आखणी करावी. शिक्षक, पालक व पंचायतीचे सदस्य यांनी त्या रेषांमधून चालून पाहावे : दार कोठे, फळा कोठे, मुलींचे स्वच्छतागृह वर्गापासून किती दूर, पोषण आहाराचे स्वयंपाकघर वाऱ्याच्या कोणत्या बाजूस. पांढरी रेघ पुसून हलविण्यास काही क्षण पुरतात.