स्तोत्र ५५ : दुखावलेल्या मनाची प्रार्थना



प्रार्थनेला बसताना मन शांत असावे, असे आपण मुलांना शिकवतो. ते योग्यच आहे. पण ज्याचा जवळच्याच माणसाने विश्वासघात केला आहे, ज्याच्या मनात राग धुमसतो आहे, त्याने काय करावे? राग निवळेपर्यंत देवापासून दूर राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर स्तोत्र ५५ देते. आज आपण हे स्तोत्र एका हंगेरियन संगीतरचनेच्या साहाय्याने समजून घेऊ या.

रचनेचे नाव आहे ‘साल्मुस हुंगारिकुस’, म्हणजे ‘हंगेरीचे स्तोत्र’. संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२-१९६७). बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही शहरे एकत्र येऊन बुडापेस्ट झाले, त्याला १९२३ साली ५० वर्षे झाली. त्या सोहळ्यासाठी कोदाय यांच्याकडे रचना मागण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १९२३ रोजी ती प्रथम सादर झाली. सोहळा आनंदाचा होता, पण देश जखमी होता. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर १९२० च्या त्रियानो तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश गेला होता. खुद्द कोदाय यांनाही राजकीय उलथापालथीत संगीत अकादमीतील पद गमवावे लागले होते. त्यांनी उत्सवासाठी जयघोष निवडला नाही, विलाप निवडला.

शब्द सोळाव्या शतकातील आहेत. तुर्कांच्या स्वाऱ्यांनी देश पोळला असताना मिहाय केचकेमेती वेग या प्रवचनकाराने स्तोत्र ५५ हंगेरियन पद्यात आणले. त्यात त्याने आपल्या लोकांचेही दुःख ओतले.

या रचनेचे एक नावाजलेले ध्वनिमुद्रण १९७० च्या सुमारास लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने केले. संचालक होते बुडापेस्टमध्ये जन्मलेले इश्तवान केर्तेस. मुख्य गायक लायोश कोझ्माही हंगेरियन. गायनवृंद मात्र इंग्लंडमधील ब्रायटनचा. तो कोदाय यांचे शिष्य लास्लो हेल्ताय यांनी स्थापन केला होता. ही इंग्रज मंडळी परक्यांचे दुःख परक्यांच्याच भाषेत गातात.

रचना वीस-बावीस मिनिटांची आहे. वाद्यांच्या तीव्र सुरुवातीनंतर गायनवृंद खालच्या स्वरात, सर्व मिळून एकाच चालीत, दावीद राजा मित्रांमुळे दुःखी होऊन देवाला हाक मारत होता, असे सांगतो. मग एकटा पुरुषस्वर दावीदाच्या तोंडून बोलू लागतो. कबुतरासारखे पंख असते तर रानात उडून गेलो असतो, असे तो म्हणतो. शहर वैराने भरले आहे. घाव शत्रूचा असता तर सोसला असता, पण तो मित्राचा आहे. मधूनमधून गायनवृंदाची तीच ओळ परत येते. एकट्याचे दुःख समुदाय आपल्या खांद्यावर घेतो. मग स्वर चढत जातो, राग उसळतो आणि एका क्षणी सारे निवळते. हार्पच्या मंद साथीवर गायक स्वतःच्याच जिवाला सांगतो, की तुझा भार देवावर टाक. शेवटी देव गरिबांना उंचावतो व गर्विष्ठांना खाली आणतो, असे सारे गातात. पवित्र मरियेच्या स्तोत्राची (लूक १:४६-५५) येथे आठवण व्हावी. त्यानंतर गीत हळू आवाजात संपते.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. दावीद आधी शांत होऊन मग प्रार्थना करत नाही. तो प्रार्थना करत करत शांत होतो. आपण दुःख शेजाऱ्याला सांगतो तेव्हा पुष्कळदा ते चुगली होते आणि मनात दाबतो तेव्हा कडवटपणा होतो. तेच देवाला सांगितले तर प्रार्थना होते. मात्र एक मर्यादा आहे. १९७१ साली नव्याने प्रसिद्ध झालेल्या प्रहर-प्रार्थनेत ख्रिस्तसभेने याच स्तोत्रातील शत्रूंच्या मरणाची ओळ वगळली. दुःख देवापुढे मांडावे, पण न्याय त्याच्यावर सोडावा. प्रभू येशूलाही मित्रानेच धरून दिले, तरी त्याने क्रुसावरून क्षमा मागितली. स्तोत्र ५५ आपल्याला वाटेवर आणते आणि प्रभू त्या वाटेच्या शेवटी उभा आहे.

चिंतनासाठी :

१. कोणाने दिलेला घाव आपण देवाला न सांगता इतरांनाच सांगत आहोत?

२. आपल्या धर्मग्रामात कोणी एकटा दुःख सोसतो आहे काय? त्याच्यासोबत आपण कसे उभे राहू?

३. या आठवड्यात स्तोत्र ५५ कुटुंबात मिळून मोठ्याने वाचावे. प्रत्येकाने आपला एक भार मनातल्या मनात देवाच्या हाती द्यावा.