पस्तिशीची अट आणि काळी जमीन

अकोल्याला मृदा विज्ञान शिकले आणि पुढे त्याच विषयावर पोट भरत आले. त्यात जे हाती लागलं ते क्रमांक घालून लिहिते आहे. ही सवय नमुन्यांच्या पिशव्यांनी लावली. क्रमाला तसा काही अर्थ नाही.

१. पुरस्कार माणसाला मिळतो, मातीला त्याचा पत्ताही नसतो. आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीला लागतं ते पाणी खारट, आणि मातीत सोडियम एवढं की पाऊस जरा जोरात झाला की ती फुगून दार लावून घेते. खाली थेंब उतरत नाही. अशाच चोपण जमिनीवरच्या माझ्या एम.एस्सी.च्या कामाला एका परिषदेत सादरीकरणाचं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र घेऊन मी मोठ्या तोऱ्यात घरी गेले. काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुले भेटलं हे बेस झालं वो. मंग वावराले काय भेटलं?" जमीन सुधारायला जिप्सम एकरी किती टाकायचं याचा तक्ता माझ्याकडे तयार होता. ते आणायचं कुठून आणि गाडीभाडं कोणी द्यायचं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

२. बक्षीस बहुतेक वेळा कामाला मिळत नाही, कामाबद्दल दहा मिनिटं नीट बोलता आलं त्याला मिळतं. पूर्वी याचा राग यायचा, आता तेवढा येत नाही. भारतीय मृदा विज्ञान संस्था १९३४ साली कोलकात्यात स्थापन झाली. पदव्युत्तर प्रबंधांच्या सादरीकरणासाठी ती विभागवार पुरस्कार देते, पीएच.डी.वाल्यांसाठी वेगळा. माझं सादरीकरण होतं तेव्हा, ज्यांची पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या ती माणसं समोर पहिल्या रांगेत बसलेली, आणि आमची वऱ्हाडी इंग्रजी जरा क्षारयुक्तच. तरी त्या दिवसातलं माझ्या कामी आलं ते वेगळंच. एका वयस्क शास्त्रज्ञांनी विचारलं, "खालच्या थरात काय आहे ते पाहिलंत का?" चहाच्या वेळी त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला आणि पुढे खरोखर दोन शोधनिबंध पाठवले. प्रमाणपत्र कुठल्या फायलीत आहे ते आज शोधावं लागेल. ते निबंध अजून टेबलावर असतात.

३. आमच्या विषयाची चाल आणि तरुण शास्त्रज्ञ पुरस्कारांची वयाची अट यांचं जमत नाही. पुष्कळ ठिकाणी ही अट पस्तिशीची असते. काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब मात्र टक्क्याच्या दशांशात मोजायचा, आणि त्या दशांशापुढचा आकडा हलायलाही वर्षं जातात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू पीकपद्धतीवर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. कुठल्या वाफ्याला शिफारशीइतकं खत, कुठे निम्मं, कुठे दीडपट, कुठे सोबत शेणखत, आणि एकाला वर्षानुवर्षं काहीच नाही. तो उपाशी वाफा पाहिला की मला अजून वाईट वाटतं. पण बाकीच्यांची किंमत कळते ती त्याच्यामुळेच. विद्यार्थी येतात, दोन-तीन हंगाम नमुने घेतात, प्रबंध बांधतात आणि जातात. मीही एकदा तिथले आकडे घेऊन आलेख काढला तेव्हा लक्षात आलं, की रेषेचं शेवटचं टोक तेवढं माझ्या पिढीचं आहे. मागची सगळी रेष दरसाल ठरल्या वाफ्यात ठरलं तेवढं शेणखत पसरणाऱ्या मजुरांची, आणि कधीचेच निवृत्त झालेल्या लोकांची. या विषयात नव्या माणसाला मिळणारी सगळ्यांत मोठी मदत ही अशी मागून आलेली असते. तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही, म्हणून ती मोजलीही जात नाही.

४. शिष्यवृत्तीची रक्कम किती, यापेक्षा ती कधी येते याला महत्त्व असतं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जेआरएफ ही शिष्यवृत्ती बरीच वर्षं महिना १२,६४० रुपये होती. ती मिळवणाऱ्यांकडे आम्ही वसतिगृहात जावयासारखं बघायचो. पीएच.डी.साठी आता बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. माझी एक शिष्यवृत्ती, कोणाची ते जाऊ द्या, बरेच महिने अडकून पडली होती. त्या काळात खानावळीच्या मावशींनी माझी वही बंद केली नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव आहे. मार्गदर्शकांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, पण खोडलं नाही.

असा आधार लागतो हे ओळखणारा माणूस आमच्या विद्यापीठाच्या नावातच आहे. पंजाबराव पापळचे. डॉक्टरेट ऑक्सफर्डची, तीही वेदवाङ्मयातल्या धर्मावर. देशाचे कृषिमंत्री ते १९५२ साली झाले. पण त्याच्या कितीतरी आधी अमरावतीत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. खेड्यातल्या पोराला आधी राहायला खोली लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

५. हातातलं कसब कोण शिकवेल याचा नेम नाही. सेंद्रिय कर्ब काढताना ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं असतं. जांभळट निळा रंग एका क्षणात हिरवा होतो, आणि थेंब जास्त गेला की सगळं पहिल्यापासून. पुस्तकात हे अर्ध्या ओळीत आहे. मला ते प्रयोगशाळेतल्या परिचरांनी शिकवलं: "ताई, नळीकडे काहून पाहता? फ्लास्ककडे पाहा."

६. काही पुरस्कार विकतही मिळतात. 'आपली निवड झाली आहे' असं पत्र येतं, शाल-सन्मानचिन्हाचा उल्लेख असतो आणि तळाला नोंदणी शुल्क. मी त्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत आईला फोन करून झाला होता. घेणाऱ्यांना मी फारशी हसत नाही. मुलाखतीला प्रमाणपत्रांचे गुण धरले जातात तोवर हा बाजार चालणार.

७. नोकरी न लागणं म्हणजे विषय सुटणं नव्हे, हे मूर्तिजापूरच्या मैत्रिणीकडे पाहून समजलं. २००२ पासूनच्या कृषी चिकित्सालय योजनेत प्रशिक्षण आणि कर्जावर अनुदान मिळतं, साधारण ३६ टक्के, महिलांना ४४. तिने त्यातून माती परीक्षणाचं केंद्र टाकलं. भाडं निघतं ते मात्र बियाण्यांच्या विक्रीतून.

८. आपल्या दिनदर्शिकेशी शेताचं देणंघेणं नसतं. जागतिक मृदा दिन ५ डिसेंबरला, थायलंडचे दिवंगत राजे भूमिबोल यांच्या जन्मतारखेला. वऱ्हाडात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. दुपारच्या सभागृहात मग सक्तीने आणलेले विद्यार्थी, आणि व्यासपीठावर सत्कार. एका वर्षी आम्ही कार्यक्रम संध्याकाळी गावाच्या पारावर नेला आणि उत्तम नमुना आणणाऱ्याला बक्षीस ठेवलं: व्ही आकाराचा खड्डा, बांध आणि उकिरड्यापासून लांब, चार भाग करत करत उरवलेली अर्धा किलो माती. पहिला आला आठवीतला एक मुलगा. आम्ही मोठ्या कौतुकाने त्याला नवं खुरपं दिलं. त्याने ते फिरवून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, वह्या नव्हत्या काय?"