तान्ह्याचा श्वास मोजावा

थोरांस पडसे झाले म्हणजे कोणी चिंता करीत नाही. परंतु तोच आर. एस. व्ही. नामक विषाणू तान्ह्याच्या छातीत उतरला, तर प्राणावर बेतते. आरंभी नाक वाहते, खोकला व थोडा ताप येतो. पुढे बाळ अंगावर पिईनासे होते. अशा वेळी ते शांत असता झबले वर करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, तर तत्काळ दवाखाना गाठावा. कित्येक ठिकाणी यास डबा म्हणून पोट डागतात. त्या डागाने श्वास मोकळा झालेला आम्ही पाहिला नाही, व्रण मात्र पाहिले. ओठ निळसर दिसल्यास, किंवा श्वास मध्येच थांबू लागल्यास, उजाडण्याची वाट पाहू नये.