जपानच्या प्रवासात यंत्रांनी शिकवलेलं

जपानी लिपी वाचता येत नसतानाही मी तिथे निर्धास्त फिरलो, कारण तिथल्या साध्यासुध्या यंत्रांनी नवख्या माणसाचा विचार आधीच केलेला असतो. त्यांच्याकडून शिकलेल्या या गोष्टी.

१. चार्जरवरची बारीक अक्षरं घरीच वाचा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेला चार्जर तिथे बिनदिक्कत चालतो. फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. पाणी तापवायची किटली मात्र नेऊ नका. तिची ताकद जेमतेम पाचव्या हिश्श्यावर येते. हर्ट्झचे दोन आकडेही कामाचे आहेत : टोकियोत ५०, ओसाकात ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन. तो फरक आजही कायम आहे.

२. रेल्वेचं तिकीट कमी पैशांचं निघालं तर घाबरू नका. स्टेशनच्या फाटकाच्या आतल्या बाजूला फरक भरायचं यंत्र असतं. तिकीट आत सरकवलं की उरलेली रक्कम पडद्यावर दिसते. ती भरली की बाहेर पडायचं तिकीट हातात येतं. दंड नाही, जाब नाही. एवढंही नको असेल तर आधी पैसे भरून वापरायचं सुइका कार्ड घ्या. २००१ साली टोकियो परिसरात सुरू झालेलं हे कार्ड ओसाकाच्या मेट्रोतही चालतं.

३. अक्षरं कळत नसतील तर रंग पाहा. पेयांच्या यंत्रात बाटलीखालची पट्टी निळी असेल तर पेय गार, लाल असेल तर गरम.

४. पिवळ्या पट्ट्यांवर सामान ठेवू नका. स्टेशनांवर, फुटपाथवर दिसणाऱ्या या उंचवट्यांच्या फरश्या सेइइची मियाके यांनी अंध व्यक्तींसाठी तयार केल्या. १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, सावध व्हा. पांढरी काठी टेकवत एक आजोबा गर्दीतून सरळ चालत गेले, ठिपक्यांपाशी थांबले, मग वळले. कुणाला हाक मारावी लागली नाही.

५. परतल्यावर ही नजर सोडू नका. त्याच फरश्या आता आपल्या मेट्रो स्टेशनांवर आणि अनेक फुटपाथवर आहेत. त्यांच्यावर दुचाकी उभी राहिली की कुणाचा तरी रस्ता तिथेच संपतो. फरशी बसवणं पालिकेचं काम; ती मोकळी ठेवणं आपलं.