चाकाचा परीघ आणि पल्ल्याचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या सायकलीच्या पडद्यावर उरलेल्या किलोमीटरांचा जो आकडा उमटतो, त्यावर भरवसा ठेवून लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी तो आकडा कशावरून काढला जातो हे प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावे, असे मला स्वानुभवावरून आग्रहाने सांगावेसे वाटते.

भालकीहून बीदरला कामानिमित्त माझे जाणे-येणे असते, आणि त्यासाठीच मी माझ्या सायकलीला हब मोटर व 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची बॅटरी बसवून घेतली. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घेऊन निघालो, हलबर्गा मागे पडले, बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठाराचा चढ लागला आणि तेथेच मोटर बंद पडली. पडद्यावर 40 किलोमीटर पुरे झाल्याची नोंद होती. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मात्र जेमतेम 37 किलोमीटरच कबूल करीत होते, आणि उरलेला चढ भर उन्हात सायकल हाताने ढकलीत चढावा लागला. बॅटरी निकस निघाली असावी, असाच कोणाचाही प्रथम समज व्हावा. परंतु तपासणीअंती तिच्यात यत्किंचितही दोष आढळला नाही. किट बसविणाऱ्या दुकानाने अंतर मोजणाऱ्या यंत्रात चाकाचा व्यास 28 इंच असा राहू दिला होता, आणि माझ्या सायकलीचे चाक होते 26 इंचांचे.

यंत्राला रस्ता दिसत नाही. ते केवळ चाकाचे फेरे मोजते आणि त्यांना नोंदलेल्या परिघाने गुणून अंतर ठरविते. अठ्ठावीसाला सव्वीसाने भागले असता जी सुमारे पावणेआठ टक्क्यांची तफावत निघते, ती अशा रीतीने प्रत्येक किलोमीटरात शिरते. अंतर फुगले म्हणजे दर किलोमीटरचा विजेचा खर्च कमी भासतो, आणि त्या खोट्या काटकसरीच्या आधारावर उरलेला पल्लाही फुगवून दाखविला जातो; वस्तुतः बॅटरीतली 360 वॅट-तासांची पुंजी जेवढी असते तेवढीच राहते. गज आखूड केल्याने ठाणातले कापड वाढत नाही, तसेच हे आहे.

उलट चूकही तितकीच घातक होय. नोंद खऱ्या चाकापेक्षा लहान असेल, तर वेग कमी दिसतो आणि मोटर ठरल्या मर्यादेपलीकडे जोर देत राहते. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनालाच आपल्याकडे नोंदणीतून सवलत आहे. पडद्यावर 24 दिसत असता प्रत्यक्षात 26 च्या वेगाने धावणारी सायकल ती सवलत नकळत गमावून बसते.

शिवाय 26 इंच हे नावही पुरेसे नाही. डोंगरी सायकलीच्या 26 इंची रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास 559 मिलिमीटर असतो, तर 26 गुणिले 1⅜ या साध्या सायकलीचा 590. टायरच्या कडेवर 50-559 असा जो अंक छापलेला असतो, त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा हा व्यास सांगतो. दुकानात बोलताना हाच अंक पुढे करावा.

तथापि सर्वांत विश्वसनीय मार्ग प्रत्यक्ष मोजणीचा. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरावी. टायर जमिनीला टेकतो तेथे टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी. सायकलीवर बसून, दुसऱ्या कोणाला धरावयास सांगून, सरळ रेषेत तीन फेरे पुढे जावे आणि टेपाने मोजलेले अंतर तिनाने भागावे. बसणाऱ्याच्या वजनाने टायर दबतो, म्हणून रिकाम्या सायकलीवरचे माप थोडे अधिक भरते. यंत्र मिलिमीटर स्वीकारीत असेल तर तोच आकडा घालावा. केवळ इंचच स्वीकारीत असेल तर जवळचा निवडून, हमरस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरांचा ताळा घ्यावा आणि जी तूट-वाढ निघेल ती कायम ध्यानात ठेवावी. टायर बदलला, की ही मोजणी पुन्हा करावी.

आणि किट बसवून घेताना पैसे हाती देण्यापूर्वी, यंत्रात नोंदलेला चाकाचा आकडा पावतीवर बॅटरीच्या तपशिलाशेजारी लिहून मागावा. ज्याला तो लिहून द्यावयाचा आहे, तो एकदा चाकाकडे पाहिल्याखेरीज राहणार नाही.