स्लायडर ओढता येतो, पुढे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की फोन सुरू होतात. ‘सर, मुलगा फोटो फार छान एडिट करतो, तीन महिन्यांच्या क्लासला घालू का?’ ‘कॅमेरा कोणता घेऊ? लाखाच्या आतला सांगा.’ आणि त्याच घरातून रात्री आईचा वेगळा फोन: ‘यावर पोट भरेल ना हो?’

आधी क्लासचं सांगतो. नका घालू. बॅकग्राउंड कापणं, आकाश बदलणं, चेहऱ्यावरचे डाग पुसणं एवढंच जिथे शिकवतात, तिथे फी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. फोटोशॉपमध्ये 2023 पासून हवं ते आकाश नुसतं लिहून मागता येतं. मशीन जे चुटकीसरशी करतंय, त्याचे पैसे तुमच्या मुलाला कोण देणार? सॉफ्टवेअरवर हात बसवायचाच असेल तर जिम्प आणि डार्कटेबल मोफत आहेत. सुट्टीत घरी बसून शिकू दे.

खरी अडचण निराळीच आहे. ही मुलं एडिटिंग म्हणजे प्रीसेट, एका क्लिकचे तयार रंगबदल, समजतात. प्रवेशाच्या धांदलीतच आषाढी वारी येते, तेव्हाचे फोटो बघा. पताका पेटल्यासारख्या नारिंगी, आभाळ जांभळं, आणि म्हाताऱ्या वारकऱ्याच्या सुरकुत्यांना इतकी धार काढलेली की चेहरा बाभळीच्या सालीसारखा दिसावा. लाइक भरपूर. मी विचारतो, ‘फोटोत नजर आधी कुठे जाते? कोपऱ्यातली पाण्याची बाटली तिथे का आहे? आजोबा ज्याच्याकडे बघतायत, तो चौकटीबाहेर का गेला?’ उत्तर नसतं. कारण मुलाने स्लायडर पाहिले, फोटो पाहिलेलाच नाही.

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो मुलाला दाखवा. वाढवायला तिथे रंगच नाहीत, तरी नजर हलत नाही. फोटो काढणारा त्या माणसांच्या किती जवळ उभा राहिला, हे कळतं. मग त्याला एसटी स्टँडवर पाठवा. शंभर फोटो काढायचे, पाच ठेवायचे आणि बाकीचे का टाकले ते वहीत लिहायचं. दर रविवारी. महिनाभरात वही कंटाळवाणी झाली, तर हा छंद आहे. छंद म्हणून उत्तम. वही भरत गेली तर पुढे बोलू.

तांत्रिक बाजूही त्याच ओघात कळते. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या, फाइलमध्ये 16,384. म्हणून अंधारातला तपशील रॉमधून बराच वर काढता येतो. पण पांढरं धोतर फोटो काढतानाच जास्त उजेडाने पार जळालं असेल, तर रॉसुद्धा काही करू शकत नाही.

वही भरली, तर पुढच्या नेहमीच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत. बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी, त्यासाठी प्रवेश परीक्षा, मुंबईच्या जे.जे.चं नाव सगळेच घेतात. पदवीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) फोटोग्राफी डिझाइन. लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करून पानामागे पैसे मिळवणारेही पुष्कळ आहेत, पण लग्नसराई संपली की हात रिकामे.

जिकडे कुणीच बघत नाही ते काम म्हणजे रंग खरा ठेवण्याचं. पैठणीचं उदाहरण घ्या. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. साडी हलली की रंग बदलतो. ऑनलाइन विकताना फोटोत कुठला दाखवायचा? चुकला तर गिऱ्हाईक साडी परत पाठवतं. इथे साडी हातात धरून, खिडकीच्या उजेडात बघून, पडद्यावरचा रंग तिच्याशी जुळवणारा माणूस लागतो. तोच फोटो छापील कॅटलॉगला गेला की शाईच्या चार रंगांत काही छटा बसतच नाहीत; त्या किती सोडायच्या हेही त्यालाच ठरवावं लागतं. दागिने, चित्रं, जुन्या पोथ्या, मोडी कागद यांच्या छायाचित्रणात हेच. रंगांच्या 24 चौकोनांचं कार्ड शेजारी ठेवून फोटो घ्यायचा आणि पिवळा पडलेला कागद पिवळाच ठेवायचा. ‘सुंदर’ करायचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने या कामाला हात लावू नये. या कामासाठी दहावीनंतर मुद्रण तंत्रज्ञानाची पदविका करता येते. तिचा फॉर्म भरताना मात्र पालकांना कमीपणा वाटतो. का, ते मला कळलेलं नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही सांगून ठेवतो.

आता बाबांसाठी. कर्ज काढून कॅमेरा आणायचा आणि सहाव्या महिन्यात ‘एवढे पैसे घातले, आता कमव’ म्हणायचं, हा जाच आहे. मुलगा मग मिळेल त्या बारशाला, वाढदिवसाला धावतो आणि शिकायचं राहून जातं. आणि ‘आधी इंजिनिअर हो, मग फोटो काढ’ म्हणणाऱ्यांनी चार वर्षांची फी कुठल्या आवडीवर भरतोय, ते मुलासमोर बसून सांगावं. कॅमेरा वर्षभर उसना किंवा जुना चालतो. खर्चच करायचा तर रंग खरे दाखवणारा बऱ्यापैकी मॉनिटर घ्या.

तरीही क्लास बघायला गेलातच, तर फी विचारण्याआधी एक विचारा: ‘इथले मॉनिटर शेवटचे कधी कॅलिब्रेट केले?’ म्हणजे, त्यांचे रंग तपासून खरे कधी जुळवले? समोरचा गोंधळला, की चहा न घेता निघा.